विश्लेषण : गुलामांच्या मळ्यावरील लग्नांवरून अमेरिकेत वाद का?

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी असलेला ‘नॉटोवे’ हा ऐतिहासिक वाडा १५ मे २०२५ रोजी आगीत भस्मसात झाला. लग्नसोहळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली ही वास्तू गेल्याने अनेक जण हळहळले. समाजमाध्यमांवर काहींनी मात्र चक्क आनंद व्यक्त केला. असे का घडले?

वाडा कोणी बांधला?

ऊसमळ्यांचे मालक जॉन हॅम्पडेन रँडॉल्फ यांचा हा वाडा १८५९ मध्ये पूर्ण झाला. क्षेत्रफळ सुमारे ५३ हजार चौरस फूट. यादवी युद्धापूर्वीच्या आणि अजून उभ्या असलेल्या वाड्यांत तो दक्षिणेतील सर्वांत मोठा मानला जाई. रँडॉल्फ यांच्या मालकीचे १५५ गुलाम होते. ऊसतोडणी, कढयांमध्ये रस उकळणे ही जीवघेणी कामे गुलामांकडून करवून घेतली जात. साखर नदीमार्गे बाजारात जाई, त्यामुळे मळेवाल्यांचे वाडे नदीकाठीच उभे राहिले.

तेथे लग्ने का होतात?

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, वाडे मात्र उरले. त्यांची देखभाल खर्चीक. पांढरे खांब, जुने ओक वृक्ष आणि हिरवळ ही छायाचित्रांसाठी आयती पार्श्वभूमी. त्यामुळे लग्ने हा उत्पन्नाचा मोठा आधार ठरला. नॉटोवेचेही रिसॉर्ट झाले. त्याच्या संकेतस्थळावर गुलामांचा उल्लेखही नव्हता.

आक्षेप काय?

जिथे माणसे विकत घेऊन राबवली गेली, ती जागा ‘रोमँटिक’ म्हणून विकणे हा त्या यातनांचा अपमान आहे, असे टीकाकार म्हणतात. ‘कलर ऑफ चेंज’ या संघटनेच्या मागणीनंतर २०१९ मध्ये ‘पिंटरेस्ट’ आणि ‘द नॉट’ या कंपन्यांनी अशा लग्नांच्या प्रसिद्धीवर मर्यादा आणल्या. अभिनेते रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हली यांचे लग्न २०१२ मध्ये साऊथ कॅरोलिनातील ‘बून हॉल’ मळ्यावर झाले होते. रेनॉल्ड्स यांनी २०२० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

दुसरा मार्ग आहे का?

लुईझियानातच ‘व्हिटनी’ मळ्यावर २०१४ मध्ये संग्रहालय सुरू झाले. तेथे मालकाच्या वैभवाऐवजी गुलामांचे आयुष्य केंद्रस्थानी आहे. नॉटोवेच्या मालकांनी वाडा पुन्हा उभारण्याची इच्छा व्यक्त केली आहे. तसे झाल्यास त्या १५५ जणांना तिथे जागा मिळणार का, हा खरा प्रश्न आहे.