औषध बनवणारा स्वतः कसा वाचतो?

पुण्याजवळच्या पिंपरीचं नाव लावणारा एक जिवाणू आहे. थट्टा नाही! ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असं त्याचं पूर्ण नाव. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांना हा पठ्ठ्या सापडला. तो एक असं रसायन तयार करतो, की त्यानं बुरशी मरते. कंपनीच्याच नावावरून त्या औषधाचं बारसं झालं: हॅमायसिन.

या स्ट्रेप्टोमायसिसची भावंडं जगभरच्या मातीत राहतात. पहिल्या पावसात मातीचा वास येतो ना, त्यातही यांचा मोठा वाटा असतो. मातीत गर्दी भयंकर. खाणारे फार आणि खाणं थोडं. मग शेजाऱ्याला लांब ठेवायला कुणी कुणी विषारी रसायनं सोडतं. आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो, त्यांतली पुष्कळशी औषधं आपण या मातीतल्या रहिवाशांकडूनच उचलली आहेत.

१९४३ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत बसून क्षयाच्या जंतूंना मारणारं काहीतरी शोधत होता. हवं ते त्याला दोन ठिकाणच्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये मिळालं. एक आला होता खत घातलेल्या मातीतून आणि दुसरा चक्क कोंबडीच्या घशातून! त्यांच्यापासून मिळालेलं औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. पुढे १९५२ चं नोबेल पारितोषिक मात्र त्याचे गुरू सेल्मन वॅक्समन यांना एकट्यांना मिळालं. मला विचाराल तर हे काही बरोबर झालं नाही.

आता हे औषध जंतूला मारतं कसं? प्रत्येक जिवाणूच्या पोटात रायबोसोम नावाची हजारो इवली इवली यंत्रं असतात. जनुकांकडून आलेला निरोप वाचायचा आणि तो सांगेल तसं प्रथिन जुळवायचं, हे त्यांचं काम. स्ट्रेप्टोमायसिन त्यांना जाऊन चिकटतं आणि निरोप चुकीचा वाचला जाऊ लागतो. वेडीवाकडी प्रथिनं साचतात आणि जिवाणू मरतो. आपल्याही पेशींत रायबोसोम असतात, पण त्यांची घडण वेगळी असते, त्यामुळे औषध तिथे नीट बसत नाही. पेनिसिलिनची तऱ्हा निराळी. ते जिवाणूभोवतीची भिंत धड बांधू देत नाही. आतला दाब झेपेनासा झाला की जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते. आणि सर्दीच्या विषाणूला? ना भिंत, ना स्वतःचे रायबोसोम. म्हणून सर्दीवर ही दोन्ही औषधं पार निकामी.

पण थांबा. स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा स्ट्रेप्टोमायसिससुद्धा जिवाणूच आहे की! त्याच्याही पोटात तसेच रायबोसोम. मग औषध बनवता बनवता तो स्वतःच कसा मरत नाही?

त्याची युक्ती ऐका. तो औषधाच्या रेणूला फॉस्फेटचा एक तुकडा जोडून ठेवतो, पेनाला टोपण घालतात तसा. टोपण असेपर्यंत औषध रायबोसोमला चिकटू शकत नाही. रेणू बाहेर पडला की मगच टोपण निघतं आणि औषध जागं होतं.

आता गंमत बघा. आपल्याला आजारी पाडणाऱ्या काही जंतूंकडेही हेच टोपण आहे. ते कसं बनवायचं याची कृती जनुकांत लिहिलेली असते, आणि जिवाणू जनुकं एकमेकांना देऊ शकतात. त्यासाठी नात्यागोत्याचं असावं लागतं असंही नाही. प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसून ही कृती एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते. काही जिवाणू तर औषधाचे तुकडे करतात, काही ते आत आलं की पंपानं बाहेर फेकतात. या कला अलीकडच्या नाहीत बरं का. कॅनडात ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीत शास्त्रज्ञांना औषधांना दाद न देणारी जनुकं मिळाली आहेत. तेव्हा कुठला डॉक्टर आणि कुठली गोळी!

बरं, ज्याला असं आयतं काहीच मिळालं नाही, त्या जिवाणूनं काय करायचं? हे दाखवणारा माझा सगळ्यात आवडता प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्डच्या मायकेल बेम, रॉय किशोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असा भलामोठा ट्रे घेतला. त्यात जिवाणूंचं खाद्य ओतलं. त्यात काळी शाई मिसळली, म्हणजे पांढरे जिवाणू उठून दिसतील. दोन्ही टोकांना औषध अजिबात नाही. मग आत जावं तसे पट्टे: थोडं औषध, त्याच्या दसपट, शंभरपट, आणि मधोमध हजारपट. टोकांना ई. कोलाय नावाचे जिवाणू सोडले आणि वर कॅमेरा लावला.

जिवाणू पसरत पसरत पहिल्या पट्ट्याच्या कडेशी आले आणि अडले. काही वेळ सगळं ठप्प. मग कडेवर एका जागी एक ठिपका पलीकडे गेला आणि पंख्यासारखा पसरला. पुढच्या पट्ट्याशी पुन्हा तेच. सुमारे ११ दिवसांत ते हजारपट औषधात मजेत राहू लागले!

यात डोकं कुणीच चालवलं नव्हतं. चांगलं खाणं मिळालं तर ई. कोलाय २० मिनिटांत एकाचे दोन होतात. करा बरं गणित: दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. दर वेळी डीएनए उतरवून काढायचा, त्यात कधीतरी चूक होतेच. बहुतेक चुका बिनकामाच्या किंवा घातक, पण एखादीच नेमकी औषधाला चुकवणारी निघते. बाकीचे मरतात, ही चूक झालेला जिवाणू उरतो, आणि त्याला सगळी जागा मोकळी.

शाट्झच्या स्ट्रेप्टोमायसिनचंही असंच झालं. क्षयाचे रुग्ण आधी सुधारायचे, आणि काही महिन्यांत बऱ्याच जणांचे जंतू औषधाला जुमानेनासे व्हायचे. मग डॉक्टरांनी जंतूंचंच गणित त्यांच्यावर उलटवलं. समजा, दहा लाखांत एक जंतू चुकून एका औषधातून सुटतो आणि दहा लाखांत एक दुसऱ्या औषधातून. दोन्ही औषधं एकदम दिली तर दोन्हींतून सुटणारा किती जंतूंत एक सापडेल? लाख कोटींत एक! आजही क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने एकदम चार औषधं देतात. चार औषधांचा हिशेब तुम्ही करा. शून्यं मात्र नीट मोजा.