एक तारीख, तीन घटना

पंचांगांतील वा दिनदर्शिकेंतील कोणतीहि तारीख घेतली, तर तिच्याखालीं अनेक जन्म, मृत्यु व घटना एका ओळीनें मांडतां येतात. त्यांतील बहुतेकांचा परस्परांशीं कांहीं संबंध नसतो. १ ऑगस्ट १७७४ रोजीं जोसेफ प्रीस्टले यानें प्राणवायु वेगळा केला. १ ऑगस्ट १८३४ रोजीं ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलांत आला. या दोहोंस जोडणारा दुवा तारखेवांचून दुसरा नाहीं. परंतु १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशीं तीन गोष्टी घडल्या. त्यांचा विचार केला असतां योगायोग कोठें संपतो व इतिहास कोठें सुरू होतो, हें कळून येतें.

त्या दिवशीं मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईंतील सरदारगृहांत लोकमान्य टिळकांनीं देह ठेवला. आठवड्यापूर्वींच, २३ जुलै रोजीं, त्यांस ६४ वर्षें पूर्ण झालीं होतीं. भर पावसांत अफाट जनसमुदाय अंत्ययात्रेस लोटला आणि गिरगांव चौपाटीच्या वाळूवर त्यांस अग्नि देण्यांत आला. खांदा देणाऱ्यांत महात्मा गांधी होते.

त्याच दिवशीं असहकारितेचा आरंभ झाला. गांधीजींनीं व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांस पत्र लिहून कैसर-इ-हिंद पदक व दक्षिण आफ्रिकेंतील युद्धसेवेचीं पदकें परत केलीं. टिळकांच्या निधनामुळें हा दिवस निवडला गेला, अशी समजूत होणें सहज आहे. पण तारीख अगोदरच जाहीर झालेली होती. एवढा भाग योगायोगाचा. पुढील भाग मात्र तसा नव्हे. सप्टेंबरांत कलकत्त्यास काँग्रेसपुढें असहकारितेचा ठराव आला, तेव्हां टिळकांची जागा रिकामी होती आणि नेतृत्व गांधीजींकडे आलें. १९२१ सालीं चळवळीसाठीं एक कोटी रुपयांचा निधि उभारण्यांत आला, त्यास नांव देण्यांत आलें तें टिळकांचेंच.

तिसरी घटना त्या दिवशीं फारशा कोणाच्या लेखीं घटनाच नव्हती. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं एका मातंग कुटुंबांत मुलगा जन्मास आला. त्याचें नांव तुकाराम भाऊराव साठे. शाळेचें शिक्षण जवळजवळ न मिळालेला हा मुलगा घरच्यांसह पायीं चालत मुंबईस गेला. तेथें गिरणींत मजुरी करतां करतां तो लोकशाहीर अण्णा भाऊ साठे झाला. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. ती त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजीं त्यांचें निधन झालें.

मृत्यूच्या दिवशीं माणसाचें कार्य सर्वांस ठाऊक असतें. जन्माच्या दिवशीं तें मुळींच नसतें. म्हणून शोकानें भरलेल्या मुंबईस त्या दिवशीं एकच नांव माहीत होतें. तिच्या कामगारवस्तीचें दुःख पुढें ज्याच्या लेखणींतून बोलणार होतें, तो वाटेगांवच्या एका झोंपडींत नुकताच रडूं लागला होता. आज लोकमान्यांची पुण्यतिथि व अण्णा भाऊंची जयंती एकाच दिवशीं येते. तारीख दोघांस योगायोगानें मिळाली. तीवरील स्थान मात्र प्रत्येकानें आपल्या कार्यानें मिळविलें.