उतरलेले वजन आणि खिशातला पहारेकरी

रेल्वे स्थानकावरचे ते उंचेपुरे, रंगीत दिव्यांचे वजनयंत्र पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. नाणे टाकावे, आत खडखडाट व्हावा आणि जाड कागदाचे इवलेसे तिकीट हाती पडावे; एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. खंडव्यास गाडी बदलताना घरातली मुले त्या यंत्राभोवती गर्दी करीत. भविष्य सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावयाचे आणि वजनाकडे कोणी फारसे पाहावयाचे नाही, अशी तेव्हाची रीत होती. आता वजनाचा काटा घरात आला आहे, तो मोबाईलशी जोडला गेला आहे, आणि सकाळी चहाच्या आधी त्याच्यावर उभे राहणारी माणसे आपल्या घराघरांतून दिसू लागली आहेत.

वजन कसे उतरवावे यावर लिहावयास आता काही शिल्लक उरलेले नाही. प्रश्न आहे तो उतरलेले वजन राखण्याचा. आठ-दहा किलो कमी करून दाखविणारी माणसे प्रत्येक कुटुंबात एकदोन तरी सापडतात; दोन वर्षांनंतरही ती तेथेच आहेत असे मात्र क्वचित दिसते. वजन परत आले की आपण त्या माणसाच्या मनोनिग्रहास दोष देतो. तो स्वतःही तेच करतो, आणि बाई असेल तर दुप्पट करते. हा दोष कितपत रास्त आहे, हे आधी पाहू.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवून त्यांचे वजन उतरविले गेले आणि भुकेशी संबंधित संप्रेरके मोजली गेली. भूक वाढविणारे घ्रेलिन वाढले होते, तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन घटले होते. यात नवल नव्हते. नवल पुढे होते. एक वर्षानंतरही ही संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती आणि त्या माणसांना पहिल्यापेक्षा अधिक भूक लागत होती. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरदर्शन-स्पर्धेतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली बाहेर आले. स्पर्धेत प्रत्येकाने सरासरी अठ्ठावन्न किलो उतरविले होते. त्यांपैकी एक्केचाळीस परत आले होते. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे उष्मांक कमी खर्च करीत होते. उतरलेले वजन शरीराच्या लेखी लाभ नसून तोटा असतो. तो भरून काढावयास ते वर्षानुवर्षे टपून बसते.

अशा चिवट प्रतिपक्षासमोर पहाराही अखंड हवा, हे ओघानेच आले. मोबाईलमधील ॲप, मनगटावरील पट्टी आणि मोबाईलला आकडा कळविणारा काटा ही त्रिमूर्ती नेमके हेच आश्वासन देते: आम्ही झोपत नाही. आश्वासन खरे आहे. पण ही साधने प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा अनुभव निराळे काही सांगतो.

आमच्या परिचयातील, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई इंदूरला असतात. त्यांनी चौदा महिन्यांत अकरा किलो वजन कमी केले. त्या काळात मोबाईल त्यांच्याशी फार प्रेमाने वागे. अर्धा किलो उतरला की अभिनंदन, पाच किलोंना पदक, सलग तीस दिवस नोंद केली तर फुलांचा वर्षाव. ठरलेले वजन गाठले त्या दिवशी मोठा सोहळा झाला आणि लगेच पडद्यावर प्रश्न उमटला: आता पुढचे लक्ष्य कोणते? ‘आहे तेथेच राहावयाचे आहे’ असे सांगण्याची सोय शोधूनही त्यांना सापडली नाही. त्यानंतर आलेखाची रेषा आडवी झाली. आडव्या रेषेचे कोणी अभिनंदन करीत नाही. शेजारणींनी ‘किती बारीक झालात हो!’ म्हणणे थांबविले, घरच्यांना नव्या आकृतीची सवय झाली. उतरत्या जिन्यावर टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. सपाट रस्त्यावर मात्र माणूस एकटाच चालतो. बहुतेक साधनांची घडण जिन्यासाठी झालेली आहे, ही त्यांची पहिली उणीव.

दुसरी उणीव स्वयंपाकघरातली. काय खाल्ले याची नोंद ठेवावयाची तर पदार्थाचे नाव आणि माप हवे. पाकिटातल्या बिस्किटाची नोंद क्षणात होते. जिरावण भुरभुरलेले, वर मूठभर शेव पेरलेले पोहे कोणत्या नावाखाली लिहावयाचे? पुरणपोळी सापडते, तिच्यावरचे तूप सापडत नाही. कटाची आमटी तर बहुधा सापडतच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत पाचशेहून अधिक भारतीय खाद्यवस्तूंची पोषणमूल्ये बारकाईने दिलेली आहेत. तो ग्रंथ खरोखर मोलाचा आहे. परंतु त्यात डाळ असते, घरची आमटी नसते. चहाच्या चमचाभर तेलात सुमारे पंचेचाळीस उष्मांक. फोडणीच्या पळीत असे तीन चमचे सहज मावतात, आणि सहा माणसांच्या भाजीतली ती पळी आपल्या पानात किती उतरली हे कोणत्या यंत्राने सांगावे? जिने मीठ पाहण्यासाठी दोनदा चव घेतली, नातवाने टाकलेली अर्धी पोळी ‘अन्न वाया नको’ म्हणून संपविली, तिच्या नोंदवहीत यातले काहीच येत नाही. ती खोटे लिहीत नाही. एकत्र रांधून एकत्र जेवणाऱ्या घरात खाण्याचा हिशेब माणशी वेगळा होतच नाही. म्हणून वर्षानुवर्षे प्रत्येक घास लिहून काढावयाचा हट्ट फार थोड्यांच्या पचनी पडतो, आणि तो सोडणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये असे आम्हांस वाटते.

काट्याचे तसे नाही. तो एका क्षणाचे काम मागतो. पण त्याची भाषा समजून घ्यावी लागते. लग्नाच्या पंगतीत जेवून दुसऱ्या दिवशी उभे राहावे तो आकडा किलोने वर गेलेला असतो. एक किलो चरबी साठावयास सात हजारांहून अधिक उष्मांक जादा खावे लागतात; कितीही आग्रह झाला तरी एका पंगतीत ते होत नाही. वाढते ते पाणी. मिठाने अंगात पाणी धरून ठेवलेले असते, आणि शरीर जी साखर साठविते तिच्याबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी साठते. कडकडीत उपवासाच्या दुसऱ्या दिवशी वजन घटलेले दिसते तेही याच हिशेबाने, तेव्हा त्या आनंदातही फारसा अर्थ नाही. काही काटे अंगातील चरबीचे प्रमाणही सांगतात. तळपायातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून ते हा अंदाज बांधतात आणि पाणी कमीजास्त झाले की तोही बदलतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी असे काटे वापरू नयेत.

यावर तोड जुनी आहे. ऑटोडेस्क या संगणक-कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉकर यांनी १९९१ साली आहारावर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी रोजच्या आकड्याऐवजी मागील दिवसांच्या सरासरीची रेषा पाहावयास सांगितले. आजचे बरेच काटे आणि ॲप अशी रेषा काढून देतात. वापरणाऱ्याने पाहावयाचे ते हीच. रोजचा आकडा बाजारभावासारखा खालीवर होत राहतो.

आपल्या लोकांसाठी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. उंचीच्या मानाने वजन ठीक आहे की नाही, हे पुष्कळ ॲप पाश्चात्त्य मापाने ठरवितात आणि देहभारांक पंचविसापर्यंत हिरवा रंग दाखवितात. भारतीयांसाठी सावधगिरीची रेषा तेविसावर धरली जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही देहभारांक २२.३, अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! तेव्हा शिंप्याची टेप अद्याप निरुपयोगी झालेली नाही. कंबर पुरुषांची नव्वद आणि स्त्रियांची ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावी.

आता मुख्य प्रश्न. ही साधने वजन राखावयास उपयोगी पडतात काय? याचे उत्तर शोधणाऱ्या दोन अमेरिकन चाचण्या आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली ऱ्होड आयलंड राज्यात रेना विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मागील दोन वर्षांत सरासरी एकोणीस किलो उतरविलेल्या ३१४ जणांचे तीन गट केले. पहिल्यास केवळ तीन-तीन महिन्यांनी माहितीपत्रक, दुसऱ्यास संगणकावरून मार्गदर्शन, तिसऱ्यास तेच मार्गदर्शन समोरासमोर. शेवटच्या दोन गटांना रोज वजन करावयास शिकविले होते. आरंभीच्या वजनाच्या सुमारे दीड किलोच्या आत असाल तर हिरवा पट्टा, त्यावर गेलात तर पिवळा, सव्वादोन किलोंवर तांबडा. हिरव्यात राहणाऱ्यास लहानशी भेट मिळे. म्हणजे येथे आडव्या रेषेचे अभिनंदन होत होते! पिवळ्यात स्वतःच सावरावयाचे. तांबड्यात गेल्यास मार्गदर्शक मदतीचा हात पुढे करी. अठरा महिन्यांनी सव्वादोन किलो किंवा त्याहून अधिक वजन परत आलेले लोक पहिल्या गटात ७२ टक्के होते, संगणकाच्या गटात ५५ आणि समोरासमोरच्या गटात ४६.

दुसरी चाचणी २००८ सालची, अधिक मोठी आणि अधिक लांबलेली. किमान चार किलो उतरविलेले १,०३२ लोक, तीस महिने. एका गटास त्याच्या नशिबावर सोडले. दुसऱ्यासाठी उत्तम संकेतस्थळ केले होते. तेथे कोणी फिरकला नाही तर आपोआप पत्रे जात, दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित आठवणही येई. तिसऱ्याशी महिन्यातून एकदा एक माणूस बोले, बहुतेक वेळा दूरध्वनीवर पाच ते पंधरा मिनिटेच. संकेतस्थळाचा लाभ आरंभी दिसला आणि पुढे विरून गेला. अखेरीस पहिल्या गटाचे ५.५ किलो परत आले, संकेतस्थळाच्या गटाचे ५.२, आणि माणसाशी बोलणाऱ्यांचे ४.०. फरक दीड किलोचाच, हे खरे; पण तो महिन्याकाठी दहा मिनिटांच्या बोलण्याने घडविलेला आहे.

मनगटी पट्ट्यांविषयी फार आशा होती. पिट्सबर्गच्या २०१६ सालच्या अभ्यासात ४७१ तरुण-तरुणींपैकी निम्म्यांना सहा महिन्यांनंतर दंडावर बांधावयाचे यंत्र दिले. दोन वर्षांअखेर यंत्रवाल्यांची घट ३.५ किलो, बिनयंत्रवाल्यांची ५.९! असे का व्हावे याचे निश्चित उत्तर त्या अभ्यासात मिळाले नाही. दहा हजार पावलांचा जो आकडा पट्टी रोज समोर धरते तो तरी कोठून आला? १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून. तो आकडा कोणा वैद्याने सांगितलेला नव्हता.

यंत्र का कमी पडते, याचा उलगडा आमच्या मते इंदूरच्या बाईंच्या पुढील हकीकतीत आहे. भाचीच्या लग्नात चार दिवस नोंद राहिली. ‘आपली साखळी तुटली’ असा संदेश आला. परतल्यावर काट्यावर उभे राहावयाचे धैर्य होईना. आकडा लिहावयास नको म्हणून ॲप उघडणे नको, आणि ॲप उघडले नाही की आकड्याची धास्ती आणखी वाढे. वजन स्थिर असते तेव्हा माणूस काट्याकडे आनंदाने जातो. चढू लागते तेव्हा काट्याला चुकवितो. म्हणजे पहारेकऱ्याची जेव्हा खरी गरज, नेमके तेव्हाच त्याला खिशातून बाहेर काढले जात नाही. त्याने दिलेली सूचना अंगठ्याने बाजूला सारता येते. नणंदेचा फोन तसा सारता येत नाही.

नणंद बडोद्याला असते. तिने एका रविवारी विचारले, “वहिनी, काट्याचा फोटो नाही आला यंदा? किती आलं ते विचारत नाही, उभ्या राहिलात का एवढंच विचारते.” त्या म्हणाल्या, “वन्सं, तीन किलो वाढलंय, कशाला बघता?” “बरं झालं, तेरा नाही वाढलं. माझं दीड वाढलंय. घ्या लिहून.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन्ही घरांतून फोटो जातात.

ॲप त्यांनी काढून टाकलेले नाही, हे सांगितले पाहिजे. खाण्याची नोंद बंद केली. सरासरीची रेषा तेवढी पाहतात. वजनापासून दीड किलो वरपर्यंतचा पट्टा दोघींनी ठरविला आहे. त्याबाहेर गेल्यास पंधरा दिवस रात्रीचा भात आणि शेव बंद, आणि संध्याकाळचे चालणे अर्ध्या तासाऐवजी तासभर.

रोजचे वजन सर्वांनाच मानवते असे नाही. ज्यांना खाण्याविषयी अतिरेकी भय किंवा उपाशी राहण्याची खोड जडलेली आहे, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींना, त्यांना काट्यापासून दूर ठेवणे बरे. साठीनंतर वजन आपोआप उतरू लागले तर आनंद न मानता डॉक्टरांकडे जावे. २०२५ साली आपल्या देशात आलेल्या वजन घटविण्याच्या नव्या इंजेक्शनांचीही चर्चा घरोघर आहे. त्यांतील सेमाग्लुटाइड थांबविल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचे दोन-तृतीयांश परत आल्याचे २०२२ सालच्या अभ्यासात दिसले. राखण्याचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

दिवाळीचे दोन आठवडे फोटो पाठवावयाचे नाहीत असे त्या नणंद-भावजयांनी ठरविले आहे. तुळशीचे लग्न झाले की पुन्हा सुरू. गेल्या वर्षी तो पहिला रविवार उजाडला तेव्हा बडोद्याहून आलेल्या फोटोत काट्यावर दोन पावले होती आणि आकड्यावर चिवड्याचा डबा ठेवलेला होता. इंदूरहून लगेच फोन गेला आणि डबा उचलावा लागला.