सुईकडे पाहत राहिलेली माणसे

नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, कळंबोली महामार्गालगत, भारतीय भूचुंबकत्व संस्थान या नावाची एक सरकारी संस्था आहे. तिच्या आसपासच्या रस्त्यांनी दररोज असंख्य वाहने जातात. त्यांतील प्रवाशांना फलक वाचता येतो, त्यावरील शब्दांचा अर्थही ठाऊक असतो, आणि तरीही पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करण्यासाठी एवढी थोरली संस्था कशाला लागते, हा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या मनात उभा राहत असेल. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः कित्येक वर्षे त्याच भागातून तशाच निरुत्सुक डोळ्यांनी ये-जा केली आहे. एके दिवशी वाहतूक खोळंबली असता तो फलक दुसऱ्यांदा वाचला गेला, आणि त्या दुसऱ्या वाचनाने मला जेथे नेले त्याची हकीकत येथे सांगायची आहे.

तत्पूर्वी शब्दांविषयी थोडेसे. मूल 'चौकस' आहे असे म्हटले की आईबापांना धन्यता वाटते. पण त्याच शब्दाच्या घरातली 'चौकशी' कचेरीत शिरली की अंगावर काटा येतो, आणि मुलाने पाचवा-सहावा प्रश्न विचारला की 'नसत्या चौकशा करू नकोस' हे वाक्य त्याच आईबापांच्या तोंडून सहज निघून जाते. संस्कृताने मात्र येथे अधिक खोल पाहिले आहे. 'जिज्ञासा' हे 'ज्ञा' धातूचे इच्छार्थक रूप. 'पा' धातूपासून जशी पिपासा आणि 'भुज्' पासून जशी बुभुक्षा, तशीच ही जिज्ञासा. म्हणजे व्याकरणाने जाणण्याच्या इच्छेला तहान आणि भूक यांच्या पंगतीला बसविले आहे. पूर्वमीमांसेचे आणि ब्रह्मसूत्रांचे, दोहोंचेही पहिलेच सूत्र जिज्ञासेचा उच्चार करते, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याला तहान लागलेली नाही त्याच्यापुढे घागर ठेवून उपयोग नाही, हे त्या सूत्रकारांना पक्के ठाऊक असावे.

आता त्या फलकाची गोष्ट. पनवेलच्या या संस्थेचे मूळ मुंबईच्या कुलाब्यास आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे वेधशाळा स्थापन केली, ती मुख्यत्वे खगोलाचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठी. व्यवहाराची गरज होती आणि खर्चाला मंजुरी होती. परंतु पुढील दशकात गाउस या जर्मन गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच उद्योग आरंभला होता. होकायंत्राची सुई उत्तर दाखविते हे सर्वांना ठाऊक होते. पण ती क्षणभरही पूर्ण स्थिर राहत नाही, दिवसाच्या प्रहरांप्रमाणे किंचित डोलते आणि कधी कधी कोणतेही दृश्य कारण नसता बिथरते, याचे कोडे उलगडायचे तर पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणी माणसांनी एकाच वेळी सुईकडे पाहत बसले पाहिजे, असे त्यांच्या ध्यानात आले. त्या जगव्यापी उद्योगात १८४१ साली कुलाबा सामील झाले. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांनी हे काम सुरू केले, आणि काही काळ वेधशाळेचा कारभार 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही होता.

वेधशाळेच्या चाकरीत त्या वेळी आणखी एक मराठी माणूस होता, विशीही न गाठलेला. अलिबागजवळच्या नागावचा, लहानपणीच पोरका झालेला, आणि 'बाळमित्र'कार सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वाढविलेला हा मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे आणि विज्ञानाचे थोर अध्यापक म्हणून केरूनाना विख्यात झाले, लोकमान्य टिळकांसारखे शिष्य त्यांना लाभले, १८६० साली त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण मला त्यांच्या चरित्रातील सर्वात मोलाचा काळ कुलाब्याचा वाटतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, तेलाच्या दिव्याच्या उजेडात, रात्रपाळीला उठून मोजमाप पाहावे, आकडा वहीत उतरवावा आणि तासाभराने तेच पुन्हा करावे, ही त्या वेधशाळेची दिनचर्या होती. त्या आकड्याचा उद्या कोणाला काय उपयोग, हे सांगता येण्याजोगे नव्हते. ज्या तरुणाला जात्याच कुतूहल नाही त्याला अशी चाकरी म्हणजे शिक्षाच. आणि ज्याला आहे त्याची त्या वह्यांतच विद्यापीठाची पदवी होऊन जाते, कारण मुंबई विद्यापीठाची स्थापना व्हायलाच तेव्हा १८५७ साल उजाडायचे होते.

केरूनाना कुलाबा सोडून गेल्यावरही वह्या चालू राहिल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्याला त्या डागांत एकाएकी पांढराशुभ्र झगमगाट दिसला आणि काही मिनिटांत मावळला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवरच्या सुया वेड्यापिशा झाल्या. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. अमेरिकेतील काही तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकून केवळ तारेत उत्पन्न झालेल्या प्रवाहावर संदेश पाठविले. ध्रुवप्रदेशाबाहेर सहसा न दिसणारा आकाशातील रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या खोलीतील निरीक्षकाने सूर्यावरील तो झगमगाट पाहिला नव्हता, कॅरिंग्टनचे नावही त्याच्या कानी असण्याचा संभव नव्हता. दोन सुतांवर टांगलेल्या चुंबकाची मापपट्टी दुर्बिणीतून वाचण्याचा त्याचा नेम मात्र होता. आणि सुई बिथरली की तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी नोंद करावी असा वेधशाळेचा रिवाज होता. तो त्याने पाळला. पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलात त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांची, म्हणजे एकूण बलाच्या जवळजवळ चार टक्क्यांची, घट झाल्याचे त्याच्या वहीत उतरले.

या नोंदीचे मोल कळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. सूर्याकडून आलेले विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळले की विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, पृथ्वीला वेढणारा एक विद्युत्‌प्रवाह बळावतो, आणि तो खालच्या आडव्या बलाला कमी करतो. ध्रुवांजवळच्या देशांत इतर प्रवाहांची सरमिसळ असल्यामुळे हा परिणाम निखळ दिसत नाही. तो दिसतो मुंबईसारख्या, विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी. शिवाय लंडनच्या वेधशाळांत छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटणारी रेषा त्या वादळात कागदाबाहेर निघून गेली, आणि कुलाब्याची डोळ्यांनी वाचलेली वही शाबूत राहिली. २००३ साली पनवेलच्या या संस्थानातील आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी मिळून तीच वही उघडली, आणि त्या महावादळाचा जोर किती असावा याचा अंदाज तीवरून बांधला. १३ मार्च १९८९ रोजी त्याहून पुष्कळ सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात बुडविला होता, हे लक्षात घेतले म्हणजे विजेच्या जाळ्यावर आणि कृत्रिम उपग्रहांवर संसार चालविणाऱ्या आपल्या शहरांना त्या वहीची गरज का आहे, हे निराळे सांगावे लागणार नाही.

एक प्रसंग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया भ्रष्ट होतील हे वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी ओळखले. शहराची प्रगती थांबवा असा अर्ज करण्यात अर्थ नव्हता आणि सुया सोडून देण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी जागा हुडकली ती केरूनानांच्या मुलखात, अलिबागेस. तेथील इमारतीसाठी त्यांनी पोरबंदरचा दगड निवडला, कारण त्यात चुंबकत्व नाही, आणि बांधकामातून लोखंड कटाक्षाने वगळले. १९०४ पासून नोंदी अलिबागेस सुरू झाल्या, पण कुलाब्याचे काम त्यांनी लगेच बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापे घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा कोणालाही तपासता यावा. ट्राम १९०७ साली धावली. ती केव्हाच गेली. अलिबागच्या सुया आजही हलत आहेत.

जिज्ञासेविषयी बोलताना आपण बहुधा तिच्या ठिणगीविषयी बोलतो, झाडावरून पडलेल्या फळाची कथा सांगतो. ठिणगी लागते, याविषयी वाद नाही. परंतु लोखंडाचा खिळा टाळण्यासाठी दगडाची पारख करीत हिंडणारे मूस, दर तासाला उठणारा तो कुलाब्याचा निरीक्षक, यांच्याकडे पाहिले की मला वाटते, जिज्ञासेचे खरे शरीर चिकाटीचे आहे. प्रश्न पडणे हे पुष्कळांच्या वाट्याला येते. उत्तर मिळेपर्यंत, आणि कधी कधी आपल्या हयातीत ते मिळणार नाही हे मान्य करूनही, त्या प्रश्नाची चाकरी करणे हे थोड्यांच्या वाट्याला येते. नव्या मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आज शिकवणी वर्गांचे फलक दाटीवाटीने लागलेले आहेत, आणि तेथील मुलांच्या तोंडी जो प्रश्न मी सर्वात अधिक ऐकतो तो 'हे परीक्षेला आहे का?' हा. मुलांनी तो विचारावा असेच आपण त्यांना घडविले आहे. माझी तक्रार एवढीच की या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले की वही मिटते, आणि कुलाब्याची वही नेमकी तेथूनच पुढे उघडली जात होती.

नवी मुंबई हे शहरही कोणी विचारायला न सांगितलेल्या एका प्रश्नातून जन्मले आहे. १९६४ साली मुंबईच्या विकासाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांना कोणी सल्ला मागितलेला नव्हता. शहर उत्तरेकडेच लांबत राहिले पाहिजे हे कोणी ठरविले, खाडीपलीकडे पूर्वेस का जाऊ नये, असे त्यांनी स्वतःहून विचारले. १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात त्यांचा विचार छापून आला, आणि हे नवे शहर उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. हा प्रश्न थोर होता असे मी मानतो. पण त्याच वेळी दुसरा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. खाडीपलीकडे ९५ गावे होती. तेथे आगरी आणि कोळी कुटुंबे खारजमिनीत भात पिकवीत होती, मिठागरे राखीत होती, मासे धरीत होती. जमीन गेल्यावर या माणसांनी काय करावे, हे त्यांनाच विचारावे असे सरकारी दप्तराला पुरेशा तळमळीने कधी सुचले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या सांडलेल्या रक्तातून. राज्यकर्त्याला लोकांविषयी कुतूहल नसणे हे नुसते अज्ञान राहत नाही, त्याची किंमत दुसरे कोणी तरी मोजते.

आणि त्या गावांना ठाऊक असलेले किती तरी ज्ञान आपल्याला अजून विचारता येण्याजोगे आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, जेवढे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. हा ठोकताळा सुमाराचा आहे, खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा पोहोचते. पण 'पाऊणपटच का?' असे विचारून पाहावे. चंद्र दररोज आकाशात सुमारे बारा अंश पूर्वेस सरकतो, त्याला गाठायला पृथ्वीला रोज आणखी पाऊण तासाहून किंचित अधिक फिरावे लागते, आणि भरती तेवढीच मागे पडते. घड्याळ आणि दुर्बीण नसलेल्या कोणी तरी, किती पिढ्या पाण्याकडे पाहत राहून, चंद्राची गती एका अपूर्णांकात बसविली आहे. कुलाब्याच्या वहीत आणि या हिशेबात मला जातिभेद दिसत नाही. उधाणाची मोठी भरती कोणत्या तिथीला आणि भांगाची लहान भरती कोणत्या तिथीला, हे दिवाळे गावच्या कोळीवाड्यात आजही विचारता येते. सांगणारे आहेत, विचारणारे हवेत.

गेल्या हिवाळ्यात वाशीच्या पुलावरून लोकलने येत होतो. समोरच्या बाकावर सातआठ वर्षांची एक मुलगी खिडकीच्या गजांना नाक लावून बसली होती. सकाळी जाताना इथे सगळा चिखल होता आणि त्यात गुलाबी पक्षी उभे होते, आता पाणी कुठून आले आणि पक्षी कुठे गेले, असे तिने आजीला विचारले. आजीने 'भरती आली' एवढे सांगून भागविले नाही, पिशवीतून कालनिर्णयची जुनी घडी काढली, चष्मा लावला आणि बोट फिरवीत म्हणाली, "बाई गं, आज षष्ठी. सहाची पाऊणपट कर बघू." मुलगी बोटांवर मोजू लागली. पुलावरचे खांब एकामागून एक मागे जात होते. साडेचार, ती म्हणाली, आणि माझ्या मनगटाकडे पाहू लागली. मी घड्याळ तिच्यापुढे धरले. पाच वाजायला वीस मिनिटे होती, आणि खाली तिवरांच्या फांद्यांना पाणी टेकले होते. "मग दहा मिनिटं उशीर का झाला?" तिने विचारले.