एकच खेळ, दुकानें अनेक, भाव निराळे

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर नववींतील एका विद्यार्थ्यानें आमच्यापुढें एक तक्रार मांडली. त्याच्या थोरल्या भावानें मोबाइलवर एक जुना व्हिडिओ गेम विकत घेतला होता. पुढें घरांत संगणक आला. तोच खेळ संगणकाच्या दुकानांत पाहतात, तों किंमत जवळजवळ दीडपट. आणि पूर्वीं पैसे दिल्याची तेथें कोणी दादच घेईना. “सर, खेळ तोच, कंपनी तीच, मग भाव दोन कसे?” असा त्याचा प्रश्न होता. या खेळांविषयीं आमचें ज्ञान बेताचेंच. त्या नादापेक्षां बीजगणित बरें, असें सांगून त्याची बोळवण करावी, असा विचार प्रथम मनांत आला. परंतु प्रश्न खेळाचा नसून न्यायाचा आहे, हें लवकरच ध्यानांत आलें व आम्हीं माहिती मिळविली. तीच येथें देत आहों.

ज्यांस हल्लीं ‘रेट्रो गेम’ म्हणतात ते साधारणतः १९८० ते २००० या काळांतील खेळ. त्या वेळीं ते प्लॅस्टिकच्या कॅसेटींत भरून विकले जात. आज आईबाप झालेल्या पिढींतील कित्येकांनीं टीव्हीस यंत्र जोडून ‘मारिओ’ खेळला असेल. ती कॅसेट शेजाऱ्यास देतां येई, दुसरीशीं बदलतां येई, कंटाळा आल्यावर विकतांहि येई. आतां कॅसेट गेली. खेळ इंटरनेटवरील दुकानांतून उतरवून घ्यावयाचा, आणि प्रत्येक यंत्राचें दुकान निराळें: संगणकास ‘स्टीम’, प्लेस्टेशनास त्याचें स्वतःचें, निन्टेंडोच्या यंत्रास निन्टेंडोचें, मोबाइलास गूगलचें अथवा ॲपलचें. एका दुकानाची पावती दुसऱ्यांत सहसा चालत नाहीं.

दोन उदाहरणें पुरेत. ‘क्रोनो ट्रिगर’ हा १९९५ सालचा जपानी खेळ. मोबाइलवर त्याची अमेरिकेंतील किंमत सुमारें १० डॉलर होती; तोच २०१८ सालीं संगणकासाठीं आला तेव्हां सुमारें १५ डॉलर ठेविली गेली. दुसरें उदाहरण निन्टेंडोचें. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या कंपनीनें २००६ सालीं निघालेल्या ‘वी’ या यंत्राच्या दुकानांत सुमारें ५ डॉलरांस विकला. २०१३ मध्यें ‘वी यू’ या पुढच्या यंत्रावर तोच खेळ आला, तेव्हां नव्या ग्राहकास पुन्हां ५ डॉलर, परंतु जुन्या यंत्रावर ज्यानें तो आधींच घेतला असेल त्यास अवघा १ डॉलर, असा भाव होता. २०१८ पासून ‘स्विच’ यंत्रावर असले खेळ वर्गणींत मिळूं लागले; वर्गणी थांबली कीं खेळ थांबला. दरम्यान ‘वी’चें दुकान ३० जानेवारी २०१९ रोजीं बंद झालें आणि ‘वी यू’वरील विक्री २७ मार्च २०२३ रोजीं संपली. एकाच करमणुकीसाठीं एकाच माणसानें तीनदां पैसे मोजावे, असा हा प्रकार झाला.

मात्र भावांतील प्रत्येक फरक म्हणजे लुबाडणूक नव्हे. जुना खेळ नव्या यंत्रावर चालता करण्यास मेहनत पडते. चित्रें मोठ्या पडद्याजोगीं करावीं लागतात, चुका काढाव्या लागतात, कधीं संगीताचे हक्क पुन्हां मिळवावे लागतात. दुकानदारहि आपला वांटा घेतो. हा वांटा पुष्कळ वर्षें सर्वसाधारणपणें शेंकडा ३० धरला जात आला आहे. ॲपलनें लहान विक्रेत्यांसाठीं तो २०२१ पासून शेंकडा १५ वर आणला. शिवाय देशपरत्वें मिळकत निराळी. ‘स्टीम’नें नोव्हेंबर २०१५ मध्यें भारतासाठीं रुपयांत किंमती लावल्या, तेव्हां पुष्कळ खेळ येथें अमेरिकेपेक्षां स्वस्त पडूं लागले. साऱ्या जगांत एकच भाव असावा अशी मागणी ऐकण्यास गोड वाटते. पण ती मान्य झाली तर भाव अमेरिकेचा ठरण्याचीच भीति अधिक, आणि तो हिंगोलीच्या मुलास परवडणार नाहीं.

मग अन्याय कोठें आहे? तें समजण्यास आपल्याच हळदीच्या बाजाराकडे पाहावें. हिंगोलीस किंवा वसमतेस लिलाव उघड्यावर होतो. माल डोळ्यांपुढें, बोली सर्वांच्या कानांवर. भाव पटला नाहीं तर शेतकरी पोतीं पुन्हां गाडींत घालून नांदेड वा सांगली गांठूं शकतो. गाडीभाडें त्यास जड जातें हें खरें. तरी माल हलूं शकतो म्हणूनच दोन पेठांच्या भावांतील अंतर वाहतुकीच्या खर्चाहून फार काळ फार मोठें राहत नाहीं. डिजिटल दुकानांत पोतें उचलतांच येत नाहीं. स्वस्त दुकानांतला खेळ महाग दुकानाच्या यंत्रावर चालत नाहीं आणि एकदां घेतलेला खेळ सहसा दुसऱ्यास विकतां येत नाहीं. दोन्ही पेठांच्या मध्यें भिंत आहे, आणि ती ज्याचें दुकान त्यानेंच बांधलेली आहे.

या भिंतीविषयीं युरोपांत एक प्रकरण गाजलें. पोलंड, हंगेरी यांसारख्या देशांत खेळ स्वस्त मिळत. तेथें घेतलेला खेळ इतर युरोपीय देशांत उघडूं नये, अशी व्यवस्था ‘स्टीम’ची मालक कंपनी व्हॉल्व्ह व पांच प्रकाशक यांनीं केली होती. युरोपीय आयोगानें २० जानेवारी २०२१ रोजीं या सहा जणांस मिळून सुमारें ७८ लाख युरो दंड केला. व्हॉल्व्हनें दाद मागितली, ती २०२३ मध्यें न्यायालयानें फेटाळली. निकाल आम्हांस योग्य वाटतो. तथापि गोष्ट दुधारी आहे. सर्वच पोलंडांतून खरेदी करूं लागले तर कंपनी पोलंडचा भाव वाढवील, आणि मग तेथील विद्यार्थ्यानें काय करावें?

तेराव्या शतकांत थॉमस अक्विनास या धर्मपंडितानें वाजवी किंमतीचा ऊहापोह केला आहे. वस्तु देण्यांत विकणाऱ्यास जी तोशीस पडते तिचें मोल त्यानें घ्यावें. परंतु केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत चढवूं नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आमच्या मतें ही कसोटी येथें नीट लागू पडते. नव्या मेहनतीबद्दल कांहीं अधिक घेतलें तर तक्रार नाहीं. देशाची मिळकत पाहून कमी घेतलें तर उत्तमच. पण खेळ जसाच्या तसा, मेहनत नाममात्र, आणि ग्राहक भिंतीआड अडकला आहे व बालपणच्या आठवणींनीं हळवा झाला आहे एवढ्यावरच पुन्हां पुरी किंमत घेणें, हें वाजवी नव्हे. निन्टेंडोचा १ डॉलरचा भाव या दृष्टीनें न्यायास बराच जवळचा होता. तो पुढें चालू राहिला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आपल्याकडील कायद्याचेंहि थोडें सांगावयास हवें. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आणि एकाच पाकिटबंद मालावर पेठेंत एक व विमानतळावर दुसरी अशा दोन किंमती छापण्याच्या चालीस वैधमापनाच्या नियमांनीं १ जानेवारी २०१८ पासून आळा घातला. खेळास पुडा नाहीं, म्हणून छापील किंमतहि नाहीं. परंतु ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांत डिजिटल वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. दुकानानें एकाच वर्गाच्या ग्राहकांत भेद करूं नये, त्यांची मनमानी वर्गवारी करूं नये, असें त्यांत म्हटलें आहे. जानेवारी २०२५ मध्यें एकाच प्रवासाचें भाडें आयफोनवाल्यास एक व अँड्रॉइडवाल्यास दुसरें दिसतें, अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ओला व उबर या कंपन्यांस नोटिसा दिल्या. दोघांनींहि असा भेद करीत असल्याचें नाकारलें. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो मुलांनीं आईबापांस सांगून ठेवावा. कॅलिफोर्नियांत तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे कीं, जें केवळ वापरण्याच्या परवान्यावर मिळतें व पुढें काढून घेतां येतें, त्यास ‘विकत घ्या’ म्हणावयाचें असेल तर ही गोष्ट ग्राहकास आधीं स्पष्ट सांगितली पाहिजे.

हें सारें त्या विद्यार्थ्यास सांगितलें, तेव्हां त्यानें विचारलें, “म्हणजे भावाचे पैसे गेलेच ना, सर?” गेलेच, असें आम्हांस सांगावें लागलें. संगणकावरील खेळ त्यांनीं अद्याप घेतलेला नाहीं. त्या दुकानांत वर्षांतून कांहीं वेळां सवलतीचे दिवस येतात, त्यांची दोघे भाऊ वाट पाहत आहेत. आणि वहीच्या शेवटच्या पानावर चार दुकानांतील त्या खेळाच्या किंमती तारखेवार टिपून ठेवीत आहेत. ती वही त्यानें परवां आम्हांस दाखविली. एका महिन्यांत एकाच दुकानानें भाव तीनदां बदललेला होता.