दांडगा कुत्रा शहाणा कसा करावा?

राखणीचा तरणा कुत्रा माणूस दिसताच अंगावर उडी घेतो, पोरांना पाडतो. मग आपण त्याला दिवसभर साखळीला बांधतो. इथेच गाडे अडते. सशामागे धावणारी आपली कारवान जात घ्या. तिच्या पायांतला जोर साखळीने जिरत नाही, उलट साचतो.

उपाय साधा आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला शेताकडे चांगला फिरवून आणावा. उडी मारली, की ओरडू नये. त्याला तोही खेळच वाटतो. पाठ फिरवून गप्प उभे राहावे. चारही पाय जमिनीला टेकले, की तत्क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा. उशिरा दिला, तर तो कशाबद्दल हे त्याला उमगत नाही. घरातल्या सर्वांनी हाच नेम पाळावा. मारू मात्र नये. मार खाल्लेला कुत्रा हाताला भितो आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

गुरुजींनी मुलांना सांगावे : बांधलेल्या वा खात असलेल्या कुत्र्याला डिवचू नका. पिलू ३ महिन्यांचे झाले, की रेबीजची लस टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.