गळ्यातलं इंजेक्शन आणि गळीत हंगाम

‘स्टेरॉइड’ हा शब्द आपल्या कानावर तीन ठिकाणी पडतो. जिममध्ये, २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या आठवणींमध्ये आणि ‘दम लागला ना, मग एक सुई मारून घे’ या गावाकडच्या सल्ल्यात. त्यामुळे डॉक्टरांनी ‘श्वासनलिका अरुंद झालीय, आत स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं लागेल’ असं सांगितलं की घरात पहिला शब्द निघतो तो ‘नको’. भीती अगदीच खोटी नाही. पण नेमकं कशाला घाबरायचं, याची बऱ्याचदा गल्लत होते.

आधी जिमचं बाजूला काढू. बॉडी बनवायला घेतात ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं. श्वासनलिकेत देतात ते कॉर्टिसॉलच्या जातीचं, म्हणजे आपल्या किडनीवर बसलेल्या छोट्या ग्रंथी रोज जे बनवतात त्याचं भाऊबंद. नाव एक, काम पूर्ण वेगळं.

आता श्वासनलिका अरुंद होतेच कशी? आपल्या भागातली कारणं ओळखीची आहेत. फवारणीच्या औषधाची विषबाधा, मण्यार किंवा नागाचा दंश, टू-व्हीलरचा अपघात. पेशंटला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, घशातून नळी घातली जाते. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून असे पेशंट बघतंय. जीव वाचतो, माणूस घरी येतो. पण नळीचा दाब आतल्या नाजूक अस्तरावर पडून तिथला रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर काही आठवड्यांनी तिथे व्रण आवळत जातो. टीबीमुळेही असं होऊ शकतं. काही बायकांमध्ये तर कारणच सापडत नाही.

सायन्सवाल्यांनो, फिजिक्स आठवा. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नाही, १६ पट होतो. म्हणून कालपर्यंत जिना चढणारा माणूस आज पाचव्या पायरीवर थांबतो. लोकांना वाटतं दमा. पंप सुरू होतो, सुया सुरू होतात, महिने जातात. दम्याची शिट्टी बहुतेक वेळा श्वास सोडताना छातीत वाजते, ही श्वास आत घेताना गळ्यात. व्हेंटिलेटरवरून आलेल्या माणसाला असा आवाज येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यायलाच हवी. बसल्या जागी दम लागत असेल तर तपासणीची तारीख बघत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

उपाय बरेच आहेत. फुग्याने नळी रुंद करणं, लेझर, नाहीतर अरुंद तुकडा कापून टोकं जोडणं. इंजेक्शन त्यातलाच एक. ट्रायॲमसिनोलोन नावाचं औषध थेट व्रणात सोडतात. वाढलेल्या व्रणावर, म्हणजे केलॉइडवर, स्किनचे डॉक्टर देतात तेच हे. काही ठिकाणी पेशंटला जागं ठेवून, घसा बधिर करून गळ्यावरूनच सुई देतात. साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या अंतराने ४ ते ६ वेळा. ऐकायला भयंकर वाटतं, मान्य. व्रण फार जाड किंवा लांब असेल, आतली कूर्चाच खचली असेल, तर मात्र नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही.

साइड इफेक्ट्स? आहेत. त्या दिवशी खोकला, थुंकीत थोडं रक्त, काही दिवस बसलेला आवाज. चेहरा लालबुंद होतो, झोप उडते, चिडचिड होते. उद्या पेपर असलेल्याने तारीख ठरवतानाच हे डॉक्टरांना सांगितलेलं बरं. साखर वाढते, आणि डायबेटिस असेल तर काही दिवस रोज तपासून औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागू शकतो. टीबी अंगात दबा धरून असेल तर तो डोकं वर काढू शकतो, म्हणून जुना आजार लपवायचा नाही.

औषध सावकाश विरघळतं, आठवडे अंगात राहतं. वारंवार डोस झाले तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करू शकतं. हे क्वचित होतं, पण अशा वेळी चक्कर, उलट्या, प्रचंड थकवा आला किंवा दुसरं काही ऑपरेशन निघालं, तर ‘मी हे इंजेक्शन घेतलंय’ हे सांगणं जीव वाचवू शकतं. गावातली ‘दम्याची सुई’ इथे घात करते. तिच्यात बरेचदा स्टेरॉइडच असतं आणि त्याची नोंद कुठेच नसते.

एक परिणाम मात्र बीडमध्ये जास्त मोठ्याने सांगायला हवा. या औषधाने पाळी पुढेमागे होते, मध्येच रक्तस्राव होतो. बहुतेकदा काही काळाने ते आपोआप रुळावर येतं. पण आपल्या जिल्ह्यात पाळीची तक्रार कुठवर जाते, हे आपण पाहिलंय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांचा या इंजेक्शनशी संबंध नाही. पण गळ्यात इंजेक्शन घेतलेली बाई अंगावर जातंय म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेली आणि ते इंजेक्शन सांगायचंच राहिलं, तर? ‘पिशवी काढून टाका’ ऐकण्याआधी तिने फाइल समोर ठेवायला हवी.

आणि वेळापत्रक! दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, उचल आधीच घेतलेली असते. पहिली दोन इंजेक्शनं अंबाजोगाईत किंवा संभाजीनगरात, तिसऱ्याच्या तारखेला माणूस सांगलीच्या नाहीतर कर्नाटकच्या फडात. मधला डोस चुकला की व्रण पुन्हा आवळू शकतो. घरात असं कोणी असेल, तर कॉलेजला जाणाऱ्या पोराने किंवा पोरीने एवढं करावं: डिस्चार्ज कार्ड आणि इंजेक्शनच्या नोंदीचा फोटो आईवडिलांच्या मोबाइलमध्ये टाकावा, औषधाचं नाव आणि तारीख मराठीत लिहून द्यावी. टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाकडून कळलं की निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, तिथून जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज कोणतं आणि पुढचा डोस तिथे देता येईल का.